ब्लॉकचेनवरचा खासगीपणा: पुरवठादार पारखायचा कसा?

मुळशी तालुक्याच्या पूर्वेकडे हिंजवडी, माण आणि मारुंजीच्या जमिनीवर राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभा आहे. तिथून काही मैलांवर पौडची तहसील कचेरी. तिथे सातबारा, फेरफार, वारस नोंद यांसाठी रोजची वर्दळ असते. आयटी पार्कमुळे या तालुक्यातल्या जमिनीला सोन्याचा भाव आला. बनावट कुलमुखत्यारपत्र, दोघांना विकलेला एकच प्लॉट, मयताच्या नावाने झालेले खरेदीखत अशा भानगडींची धास्तीही त्याबरोबर आली. त्यामुळे ‘नोंद एकदा झाली की कोणालाच बदलता येणार नाही’ हे ब्लॉकचेनचे आश्वासन इथल्या माणसाला भुरळ घालते.

अडचण त्यापुढे सुरू होते. नोंद बदलता येऊ नये म्हणून ती अनेकांच्या संगणकांवर एकसारखी ठेवायची, तर त्या नोंदीतला माणूस झाकायचा कसा? हे काम करून देतो म्हणणाऱ्या कंपन्या, प्रकल्प आणि सरकारी संस्था आज बऱ्याच आहेत. त्यांची आश्वासने मोठी असतात आणि तपशील किचकट. हा वाद आला कुठून, कोण काय म्हणते, पुरवठादार कशावर तोलावा आणि कोणते प्रश्न अजून लटकलेले आहेत, याचा हा आढावा.

प्रश्नाची पार्श्वभूमी

बिटकॉइन २००९ मध्ये सुरू झाले तेव्हा ते निनावी असल्याचा सर्वसाधारण समज होता. प्रत्यक्षात ते टोपणनावी आहे. पत्त्यामागचा माणूस एकदा कळला की त्याचे सगळे जुने व्यवहार उघडे पडतात. या उणिवेवर उपाय म्हणून २०१४ मध्ये मोनेरो आणि २०१६ मध्ये झीकॅश आले. झीकॅशचा पाया झिरो-नॉलेज प्रूफ हा होता. एखादे विधान खरे आहे एवढेच सिद्ध करायचे आणि त्यामागची माहिती मुळीच उघड करायची नाही, ही कल्पना गोल्डवासर, मिकाली आणि रॅकॉफ यांनी १९८५ मध्येच मांडली होती. ती व्यवहारात येईपर्यंत तीस वर्षे गेली.

महाराष्ट्रात हा विषय नाण्यांपेक्षा दाखल्यांच्या वाटेने आला. राज्य कौशल्य विकास मंडळाने २०२१ मध्ये लेजिटडॉक या स्टार्टअपच्या मदतीने आपली प्रमाणपत्रे इथेरियम या सार्वजनिक ब्लॉकचेनवर (साखळीवर) पडताळता येतील अशी व्यवस्था हाती घेतली. मार्च २०२२ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीत ६५,००० जातीचे दाखले पॉलिगॉन या साखळीच्या आधारे देण्याचा उपक्रम जाहीर झाला. पॉलिगॉन मूळची मुंबईची. ती २०१७ मध्ये ‘मॅटिक’ नावाने सुरू झाली. एटापल्लीच्या बातमीचे कौतुक झाले ते नक्कल रोखण्याच्या अंगाने. जातीचा दाखला ही किती नाजूक माहिती आहे आणि ती सार्वजनिक साखळीच्या जवळ नेताना कोणती काळजी घ्यावी, यावर फारशी चर्चा झाली नाही.

४ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने ‘विश्वस्य’ हा राष्ट्रीय ब्लॉकचेन मंच सुरू केला. तो परवानगीच्या साखळीवर चालतो, म्हणजे त्यात कोण सामील होणार हे आधी ठरलेले असते. तो राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या (एनआयसी) भुवनेश्वर, पुणे आणि हैदराबाद इथल्या डेटा सेंटरांवर आहे. त्याच्या घडणीत मुख्यालय पुण्यात असलेल्या सी-डॅक या सरकारी संशोधन संस्थेचाही वाटा आहे. म्हणजे आता सरकारी कचेरीपुढे खासगी स्टार्टअप, परदेशी प्रकल्प आणि सरकारी मंच असे तीन दरवाजे आहेत.

आधीच उघडे काय आहे?

आपल्याकडचे जमिनीचे अभिलेख मुळातच सार्वजनिक आहेत, हे लक्षात घ्यायला हवे. गाव आणि गट नंबर माहीत असला की कोणालाही महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर सातबारा पाहता येतो. डिजिटल स्वाक्षरीचा उतारा १५ रुपयांत मिळतो. त्यात खातेदारांची नावे असतात, क्षेत्र असते आणि ‘इतर हक्कां’त सोसायटीचा किंवा बँकेचा बोजाही असतो. एखाद्याच्या डोक्यावर कर्ज आहे ही गोष्ट गावाला ठाऊक असणे वेगळे आणि तालुक्यातल्या सगळ्या कर्जदारांची यादी एका फटक्यात यंत्राने उतरवून घेता येणे वेगळे. कायदा दोन्हींना ‘सार्वजनिक’ म्हणतो, पण परिणाम एक नसतो. साखळीवर गेलेली माहिती दुसऱ्या प्रकारात मोडते. ती कोणालाही घाऊक उतरवता येते आणि नंतर मागे घेता येत नाही.

उघड्या नोंदींचा धोका ब्लॉकचेनशिवायही दिसला आहे. कर्नाटकात नोंदणी विभागाच्या ‘कावेरी’ पोर्टलवरच्या दस्तांमधून अंगठ्यांचे ठसे उचलून आधारशी जोडलेल्या खात्यांतले पैसे काढल्याची प्रकरणे २०२३ मध्ये उघडकीस आली. त्यानंतर दस्तांवरचे ठसे झाकण्याचे काम सुरू झाले. चूक लक्षात आल्यावर पोर्टलवरचे पान झाकता आले. सार्वजनिक साखळीवर तशी सोय नसते.

‘फक्त हॅश ठेवतो’ म्हणजे काय?

बहुतेक पुरवठादारांचे पहिले उत्तर असते: ‘आम्ही माहिती साखळीवर ठेवतच नाही, फक्त हॅश ठेवतो.’ हॅश म्हणजे मजकुरावर गणिती प्रक्रिया करून काढलेला ठरावीक लांबीचा आकडा. आकड्यावरून मजकूर मागे काढता येत नाही. पण मजकूर काय असू शकतो याच्या शक्यता मोजक्या असतील, तर त्या सगळ्या करून पाहता येतात.

भारतातले मोबाइल क्रमांक दहा अंकी असतात आणि ६ ते ९ यांपैकी एका अंकाने सुरू होतात. म्हणजे शक्यता झाल्या ४०० कोटी. गेमिंगसाठी वापरले जाणारे चांगले ग्राफिक्स कार्ड सेकंदाला काही अब्ज एसएचए-२५६ हॅश काढते. नुसत्या मोबाइल क्रमांकाचा हॅश साखळीवर ठेवला, तर तो क्रमांक शोधायला मिनिटही लागत नाही. आधार क्रमांक बारा अंकी असतो, पण त्याचा पहिला अंक ० किंवा १ नसतो आणि शेवटचा अंक पडताळणीचा असतो. राहिल्या सुमारे ८,००० कोटी शक्यता. हेही मिनिटाभराचेच काम. गाव, नाव आणि जात एवढ्यावरच हॅश काढला, तर मतदार यादी हाताशी असलेल्या कोणालाही जुळवणी करता येईल.

उपाय सोपा आहे. हॅश काढण्यापूर्वी प्रत्येक दाखल्यात एक लांबलचक यादृच्छिक आकडा मिसळायचा आणि तो साखळीबाहेर जपून ठेवायचा. त्याला सॉल्ट म्हणतात. तो नष्ट केला की साखळीवरचा हॅश निरुपयोगी होतो. म्हणून सॉल्ट वापरता का, प्रत्येक दाखल्याला वेगळा असतो का आणि तो कोणाकडे असतो, हे पुरवठादाराला विचारलेच पाहिजे. यावर गुळमुळीत उत्तर आले, तर पुढच्या भारी तंत्रज्ञानाच्या गप्पांना अर्थ उरत नाही.

चार भूमिका

पहिली भूमिका गणितवाद्यांची. त्यांच्या मते खासगीपणा कोणाच्या वचनावर अवलंबून असू नये. कंपनी बुडते, अधिकारी बदलतो, सरकार बदलते. गणित बदलत नाही. म्हणून साखळी सार्वजनिक असावी आणि माहिती झिरो-नॉलेज पुराव्यांनी झाकावी. याचा उपयोग हिंजवडीतल्या भाडेकरूच्या उदाहरणाने कळतो. आज तो घरमालकाला आणि एजंटला आधारची प्रत, पगाराची स्लिप आणि कंपनीचे ओळखपत्र व्हॉट्सअॅपवर पाठवतो. ‘माझा पगार भाड्याच्या तिपटीहून जास्त आहे’ एवढेच सिद्ध करणारा पुरावा देता आला, तर यातले बरेच काही टळेल. पॉलिगॉन आयडी हा प्रकल्प अशाच कामासाठी निघाला आणि पुढे वेगळा होऊन प्रिवाडो आयडी झाला. मात्र तसा डिजिटल दाखला आधी नोकरी देणाऱ्या कंपनीने द्यावा लागतो आणि एजंटने तो स्वीकारावा लागतो. खोळंबा नेमका तिथे आहे.

दुसरी भूमिका परवानगीच्या साखळीची. सरकारी नोंदींना अनोळखी संगणकांची गरज काय, असा त्यांचा सवाल आहे. कोण नोंद करणार आणि कोण वाचणार हे ठरवून दिले की निम्मा प्रश्न सुटतो. माहिती देशात राहते, जबाबदार कोण हे माहीत असते आणि न्यायालयाच्या आदेशाची अंमलबजावणी करता येते. यावर आक्षेप असा की सगळे संगणक एकाच यंत्रणेच्या ताब्यात असतील, तर ‘कोणालाच बदलता येणार नाही’ हे आश्वासन पातळ होते आणि आत बसलेल्याला सगळे दिसतेच.

तिसरी भूमिका म्हणते की साखळीच नको. डिजिटल स्वाक्षरीचा उतारा आणि २०१५ पासूनचे डिजिलॉकर यांनी नक्कल ओळखण्याचे बरेचसे काम भागते. शिवाय मुळशीतल्या फसवणुकीचे मूळ नोंदीच्या आधी असते. खोटे कुलमुखत्यारपत्र खरे मानून फेरफार मंजूर झाला, तर साखळी ती खोटी नोंदच इमानेइतबारे जपून ठेवील. या मुद्द्याला पहिल्या दोन्ही गटांकडे समाधानकारक उत्तर नाही. स्वाक्षरीवाल्यांकडे मात्र वेगळी उणीव आहे. स्वाक्षरीचा अधिकार असलेल्यानेच मागची तारीख टाकून नवा दाखला काढला, तर नुसत्या स्वाक्षरीवरून ते कळत नाही. साखळीवरचा काळशिक्का तिथे उपयोगी पडतो.

चौथी भूमिका तपास यंत्रणांची. पुणे पोलिसांनी तपासलेल्या गेनबिटकॉइन या क्रिप्टो गुंतवणूक घोटाळ्यासारख्या गुन्ह्यांत साखळी उघडी असते म्हणूनच पैशाचा माग काढता येतो. १८ जुलै २०२४ रोजी मुंबईच्या वझीरएक्स या बाजारमंचातून सुमारे २३ कोटी डॉलरची क्रिप्टो मालमत्ता चोरीला गेली. त्यातला मोठा भाग पुढे टॉर्नेडो कॅश या, अनेकांचे पैसे एकत्र मिसळून माग पुसणाऱ्या मिश्रकात शिरला. म्हणून झाकण्याची सोय देणाऱ्याने चौकशीची वाटही ठेवावी, असे या गटाचे म्हणणे आहे. यावर पहिला गट विचारतो की चौकशीच्या किल्ल्या विश्वासाने कोणाकडे द्यायच्या? गेनबिटकॉइनच्याच तपासात मदतीला घेतलेल्या दोन सायबर तज्ज्ञांना क्रिप्टो मालमत्ता परस्पर वळवल्याच्या आरोपावरून मार्च २०२२ मध्ये अटक झाली होती.

पुरवठादारांचे प्रकार आणि त्यांच्या दुखऱ्या जागा

झिरो-नॉलेजवाल्यांत अॅझटेक, अॅलिओ, मायडन आणि ईवाय या सल्लागार संस्थेचे नाइटफॉल ही नावे पुढे येतात. इथे भरवसा गणितावर आणि ते गणित लिहिणाऱ्या कोडवर ठेवावा लागतो. गणित बरोबर असूनही कोड चुकतो. झीकॅशमध्ये बनावट नाणी तयार करता येतील असा दोष मार्च २०१८ मध्ये सापडला. तो गुपचूप दुरुस्त करून फेब्रुवारी २०१९ मध्ये जाहीर झाला. व्यवहार झाकलेले असले की गैरवापर झाला की नाही हेही बाहेरून नीट तपासता येत नाही, हा त्यातला धडा.

दुसरा प्रकार सुरक्षित चिपचा. माहिती प्रोसेसरच्या बंदिस्त कप्प्यात उघडायची, तिथेच गणना करायची आणि बाहेर फक्त निकाल द्यायचा. सिक्रेट, ओअॅसिस, फाला ही त्यातली नावे. वेग चांगला, खर्च कमी. पण भरवसा चिप बनवणाऱ्यावर आणि यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याच्यावर ठेवावा लागतो. इंटेलच्या एसजीएक्स कप्प्यावरचा फोरशॅडो हल्ला २०१८ मध्ये दिसला. २०२२ मध्ये संशोधकांनी सिक्रेट नेटवर्कची मुख्य किल्लीच बाहेर काढून दाखवली. २०२५ मध्ये वायरटॅप आणि बॅटरिंग रॅम या हल्ल्यांनी दाखवले की यंत्राला प्रत्यक्ष हात लावता आला, तर स्वस्तातल्या उपकरणांनीही कप्पा फोडता येतो.

तिसरा प्रकार कुलूप न उघडता गणना करण्याचा. क्रेग जेंट्री यांनी २००९ मध्ये पूर्ण होमोमॉर्फिक एन्क्रिप्शन शक्य असल्याचे दाखवले. आज पॅरिसची झामा ही कंपनी त्यात आघाडीवर आहे. किल्लीचे तुकडे अनेकांकडे वाटून गणना करणारे प्रकल्पही याच घरातले. इथली दुखरी जागा म्हणजे वेग आणि खर्च, शिवाय तुकडे ज्यांच्याकडे आहेत त्यांनी संगनमत न करण्याची अट.

चौथा प्रकार परवानगीच्या साखळ्यांचा. विश्वस्य त्यात येतो आणि बँकांच्या वर्तुळात चालणारे हायपरलेजर फॅब्रिक व कॉर्डाही. त्यांत खासगीपणा मुख्यत्वे प्रवेशाच्या नियमांतून येतो. म्हणून तिथे कोडइतकेच प्रशासनही तपासावे लागते.

चारही प्रकार शेजारी ठेवले की एक गोष्ट दिसते. विश्वासाची गरज कोणीच संपवत नाही. ती फक्त जागा बदलते: कधी कोड लिहिणाऱ्याकडे, कधी चिपकडे, कधी किल्लीच्या तुकड्यांकडे, कधी खात्याच्या अधिकाऱ्याकडे.

कायद्याची चौकट

सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा दिला. डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्याला ११ ऑगस्ट २०२३ रोजी मंजुरी मिळाली आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य बंधने अठरा महिन्यांनी लागू होणार आहेत. पुरवठादार निवडणाऱ्याने यातल्या तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

एक, माहिती गोळा करणारी संस्थाच जबाबदार राहते, काम बाहेर दिले म्हणून ती सुटत नाही. सुरक्षेत हयगय झाली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. दोन, नागरिकाला माहिती दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसून घेण्याचा हक्क आहे, आणि पुसता न येणारी वही याच्या थेट आड येते. तीन, सरकारी यंत्रणांना पुसण्याच्या बंधनातून कलम १७ ने सूट दिली आहे. त्यामुळे एकच साखळी तहसील कचेरीला चालेल आणि खासगी बिल्डरला अडचणीत आणील, असे होऊ शकते. युरोपच्या डेटा संरक्षण मंडळाने एप्रिल २०२५ च्या मार्गदर्शक मसुद्यात व्यक्तिगत माहिती शक्यतो साखळीवर ठेवूच नये, असा सल्ला दिला आहे आणि हॅशलाही आपोआप निनावी मानलेले नाही.

दुसरीकडे मार्च २०२३ पासून भारतातले आभासी मालमत्तेचे सेवादार मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आले. त्यांना ग्राहकाची ओळख ठेवावी लागते. एक कायदा कमी माहिती ठेवा म्हणतो, दुसरा पुरेशी ठेवा म्हणतो. दोन्ही पाळता येतील अशी रचना पुरवठादाराकडे आहे का, हेही पाहावे लागते.

पारखण्याचे निकष

या चर्चेतून निकषांची एक उतरंड तयार होते. सुरुवातीला विचारावे की साखळीवर नेमके काय जाते आणि त्यातले काय टाळता येईल. मग झाकलेले नेमके काय आहे ते पाहावे: मजकूर, रक्कम, व्यवहार करणाऱ्यांची ओळख की व्यवहाराची वेळ. मजकूर झाकला पण दाखला कोणत्या कचेरीने, कधी आणि कोणत्या योजनेसाठी पडताळला हे दिसत राहिले, तरी माणूस ओळखता येतो.

त्यानंतर किल्ल्या. त्या कोणाकडे, हरवल्या तर काय, आणि एकट्या माणसाला उघडता येते का? पुढे तपासणी. कोड खुला आहे का, त्रयस्थ तज्ज्ञांनी कधी तपासला आणि सापडलेले दोष जाहीर केले का? कधीच दोष सापडला नाही म्हणणाऱ्यापेक्षा सापडलेला दोष तारखेसह सांगणारा अधिक भरवशाचा.

जबाबदारीची वाटणी लेखी हवी. वझीरएक्सच्या चोरीनंतर ती कंपनी आणि तिला मालमत्ता सांभाळण्याची (कस्टडी) सेवा देणारी लिमिनल यांनी आपापल्या तपासण्या करून घेतल्या आणि दोष आपल्याकडचा नसल्याचे सांगितले. दोघांच्या मध्ये ग्राहक अडकला.

शेवटचा निकष बाहेर पडण्याच्या वाटेचा. तो निविदेत सहसा नसतो आणि पुढे सर्वांत महाग पडतो. अॅझटेकने आपली ‘कनेक्ट’ ही सेवा मार्च २०२३ मध्ये गुंडाळत असल्याचे जाहीर केले आणि पैसे काढायला वर्षभराची मुदत दिली. पॉलिगॉनची ‘मुंबई’ नावाची चाचणी साखळी एप्रिल २०२४ मध्ये बंद झाली. त्याच घरची झेडकेईव्हीएम साखळी मार्च २०२३ मध्ये सुरू झाली आणि २०२६ मध्ये थांबवण्याचे २०२५ मध्येच जाहीर झाले. जातीचा दाखला किंवा खरेदीखत पन्नास वर्षांनीही लागते. पुरवठादार नसतानाही जुना दाखला पडताळता येईल का, याचे उत्तर सही करण्यापूर्वी मिळायला हवे.

न सुटलेले प्रश्न

पहिला प्रश्न सॉल्ट नष्ट केल्यावर उरलेल्या हॅशचा. तो कायद्याने ‘पुसला’ असे मानायचे का? भारतीय डेटा संरक्षण मंडळाचा किंवा न्यायालयाचा निर्णय याबाबत मार्गदर्शक ठरेल.

दुसरा, साधन बनवणाऱ्याची जबाबदारी. टॉर्नेडो कॅशवर अमेरिकेने ऑगस्ट २०२२ मध्ये निर्बंध लादले आणि मार्च २०२५ मध्ये उठवले. त्याच्या एका विकासकाला नेदरलँड्समध्ये मे २०२४ मध्ये शिक्षा झाली. दुसऱ्याला अमेरिकेत ऑगस्ट २०२५ मध्ये एका आरोपावर दोषी ठरवले गेले, बाकीच्या आरोपांवर ज्युरीचे एकमत झाले नाही. हिंजवडीत बसून परदेशी प्रकल्पासाठी असा कोड लिहिणाऱ्यांनाही हा प्रश्न लागू होतो. आपला पैसा काळ्या यादीतला नाही एवढेच सिद्ध करू देणाऱ्या ‘प्रायव्हसी पूल’सारख्या मधल्या वाटा निघाल्या आहेत, पण ती यादी कोणी ठरवायची हा वाद कायम आहे.

तिसरा प्रश्न क्वांटम संगणकांचा. आज एन्क्रिप्ट करून साखळीवर ठेवलेली माहिती कोणीही साठवून ठेवू शकतो आणि पुढे तंत्र हाती आले की उघडू शकतो. न पुसता येणाऱ्या वहीसाठी हा धोका इतरांपेक्षा जास्त आहे.

चौथा सगळ्यांत जवळचा. आधीच सार्वजनिक असलेल्या सातबाऱ्याला खासगीपणा किती असावा, यावर आपल्याकडे नीट चर्चाच झालेली नाही. खातेदाराचे नाव उघडे हवे, पण बोजाची रक्कम हवी का? शोध एकेक गटाचाच असावा की घाऊक उतारेही मिळावेत? ही धोरणे सरकारने ठरवायची आहेत. तोवर कोणताही पुरवठादार ती आपल्या कोडमध्ये परस्पर ठरवून टाकील.

सध्याच्या स्थितीवरून एवढे म्हणता येते: दाखल्यांच्या पडताळणीसाठी सॉल्टसह हॅश ठेवणारी साधी रचना पुरेशी आहे. झिरो-नॉलेज पुरावे ओळख आणि पात्रता दाखवण्यासाठी वापरण्याजोगे झाले आहेत. नाजूक माहिती एकट्या सुरक्षित चिपवर सोपवू नये. होमोमॉर्फिक एन्क्रिप्शन अजून मर्यादित कामांपुरते आहे. आणि जिथे डिजिटल स्वाक्षरीने भागते तिथे साखळी आणू नये. ग्रामपंचायत असो, गृहनिर्माण संस्था असो वा तहसील कचेरी, करारावर सही करण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी मागाव्यात: साखळीवर जाणाऱ्या माहितीची संपूर्ण यादी, किल्ल्या कोणाकडे राहणार त्यांची पदनामे, आणि पुरवठादार उद्या बंद पडला तर दाखला कसा पडताळायचा याचे प्रात्यक्षिक.